आधीं जमीन, मग जोडा

शाळेच्या वार्षिकांत बॅलेनृत्याच्या विजारी, जोडे आणि त्यांखालची जमीन यांविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, व कांहींना हसूंहि येईल. चारित्र्य, वाचनाचा छंद, वेळेचा सदुपयोग असे थोर विषय सोडून हें कसलें पायतणपुराण मांडलें आहे, असें कोणी म्हटलें तर त्यास मी दोष देणार नाहीं. तथापि हें नृत्य शिकणारीं मुलें आपल्या शहरांतून आतां अगदींच विरळा राहिलेलीं नाहींत. मुंबईंतील दोन गरीब घरच्या मुलग्यांच्या खऱ्या जीवनावरून रचलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० सालीं आला, तो आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. आपल्याच शाळेंतील कांहीं मुली व एक-दोन मुलगेहि सुटीच्या दिवशीं या नृत्याच्या वर्गास जातात, आणि संमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे त्यांचे पालक माझ्याकडे येऊन चौकशी करतात.

ती चौकशी बहुधा एकाच क्रमानें होते. पहिला प्रश्न टाइट्सचा, म्हणजे कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत अंगासरशी बसणाऱ्या त्या तलम विजारीचा: गुलाबी घ्यावी कीं पांढरी, आणि मिळते कोठें? दुसरा प्रश्न बुटांचा: रेशमी असले म्हणजे अधिक शोभतील, नाहीं का? आणि तिसरा प्रश्न, ज्या जमिनीवर मूल नाचणार ती कशी आहे, हा मात्र मला आजवर एकाहि पालकानें विचारलेला नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, हा क्रम नेमका उलटा लागला पाहिजे. जें प्रेक्षकांच्या डोळ्यांत आधीं भरतें त्यावर आपण आधीं पैसा टाकतों. आणि जें कोणास दिसत नाहीं, परंतु ज्यावर मुलाचे घोटे, गुडघे व नडग्या अवलंबून असतात, त्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं.

हें शहाणपण मला पुस्तकांतून आलेलें नाहीं. एका मुलीच्या पायाच्या मोलानें आलेलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत असतांना संमेलनांतील नृत्याची व्यवस्था माझ्याकडे होती. महिनाभर आम्हीं कपड्यांचाच विचार केला. झालरी कशा असाव्या, फितींचा रंग कोणता, केसांत फुलें किती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीं रंगमंचाच्या फळ्या मला फार मळकट दिसल्या, आणि पाहुण्यांसमोर शोभा होऊं नये म्हणून मीच गड्याकडून त्यांना मेणाचें पॉलिश चोळून घेतलें. फळ्या आरशासारख्या झाल्या. सर्वांनीं वाहवा केली. दुसऱ्या दिवशीं तिसऱ्याच उडीला एक अकरा वर्षांची मुलगी खालीं येतांना घसरली आणि घोटा दुमडून पडली. पडदा पाडावा लागला. तिचा पाय दोन महिने बांधलेला होता. तिची आई मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

तेव्हां आधीं जमिनीविषयीं.

बॅलेनृत्य वाढलें तें युरोपांतील राजवाड्यांत व नाट्यगृहांत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें १६६१ सालीं पॅरिस येथें नृत्याची राजमान्य संस्था स्थापन केली, तेव्हांपासून या कलेस शिस्त आली. आणि ज्या जमिनीवर ती वाढली ती लाकडी फळ्यांची होती. त्या फळ्यांची निगा हा त्या कलेचाच एक भाग झाला. एद्गार देगा या फ्रेंच चित्रकारानें १८७७ सालीं काढलेलें एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्यें आहे. दोन नर्तकी भिंतीलगतच्या दांडीवर पाय उचलून ठेवून सराव करीत आहेत, आणि एका कडेस जमिनीवर एक झारी ठेवलेली आहे. आपल्याकडील पाहणाऱ्यास वाटेल कीं, बागेंतली झारी येथें कशास आली? परंतु तीच त्या चित्रांतील सर्वांत खरी वस्तु आहे. सराव सुरू होण्यापूर्वीं फळ्यांवर पाणी शिंपडीत. त्यामुळें धूळ खालीं बसे आणि पाऊल घसरत नसे. मीं मेण चोळलें, त्यांनीं पाणी शिंपलें. हा भेद मला ठाऊक असता तर पुढचें टळलें असतें.

यांत आपल्याकडील लोकांस नवीन असें कांहीं वाटूं नये. तालमींत गेलेल्या कोणासहि विचारा. आखाड्याची माती म्हणजे केवळ माती नव्हे. ती चाळावी लागते, तींत ताक, तेल, हळद घालावी लागते, आणि कुस्तीपूर्वीं पहिलवान स्वतः फावडें हातांत घेऊन ती उकरतो. माती घट्ट झाली तर पाठ मोडेल, फार भुसभुशीत झाली तर पाय रुततील, हें त्यास वस्तादानें पहिल्या दिवसांतच शिकविलेलें असतें. जो न्याय मल्लाला तोच नर्तकाला.

चांगली नृत्यशाळा आपली जमीन कशी बांधते हें एकदां पाहण्यासारखें आहे. खालच्या सिमेंटावर लाकडी पट्ट्यांचा एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, असे दोन-तीन थर टोपलीच्या विणीप्रमाणें रचतात. वरच्या थराचे टेकू खालच्या थराच्या दोन टेकूंच्या मधोमध येतील अशी योजना असते. त्यामुळें प्रत्येक पट्टीस किंचित् वांकावयास जागा राहते. कोठें पट्ट्यांखालीं रबराचे ठोकळे बसवितात. सर्वांत वर गुळगुळीत फळ्या किंवा व्हिनाइलची चटई. उडी मारून मूल खालीं आलें म्हणजे ही जमीन केसभर दबते व पुन्हां सांवरते. डोळ्यांस तें दिसत नाहीं. पायांस मात्र तें लगेच कळतें. सिमेंटास ही दया नाहीं. उडीवरून उतरतांना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांवर येतो, आणि कोबा किंवा शहाबादी फरशी तो भार जसाच्या तसा परत करते. मग नडग्या दुखूं लागतात. मूल तें दुखणें अंगावर काढतें, कारण संमेलन जवळ आलेलें असतें. आणि हाडास केसासारखा बारीक तडा गेल्यावर घरांत धांवपळ होते.

यावर एक आक्षेप मीं अनेकदां ऐकला आहे. आपल्या देवळांच्या दगडी सभामंडपांत पिढ्यान्‌पिढ्या नृत्य झालें, त्या नर्तकींस फळ्या कोणीं घातल्या होत्या? आक्षेप खोटा नाहीं, पण अपुरा आहे. भरतनाट्यांत नर्तकी गुडघे वांकवून जमिनीशीं सख्य ठेवते आणि तिचें पाऊल पुष्कळदां सपाट पडतें. बॅलेची सारी धडपड जमिनीपासून दूर जाण्याची, आणि जो जितका उंच जाईल तितका तो जोरानें खालीं येणार. शिवाय दगडावर नाचणाऱ्या आपल्या नर्तकींचे गुडघे व टाचा दुखत नव्हत्या असें कोणीं सांगितलें? त्यांचें दुखणें कोणी विचारलें नाहीं, एवढेंच.

पालकांनीं वर्गाची फी भरण्यापूर्वीं एक लहानशी परीक्षा करून पाहावी. हल्लीं काळी किंवा करडी व्हिनाइलची चटई अंथरली कीं ती नृत्याची जमीन झाली, असें समजतात. या चटईस सर्वत्र ‘मार्ले’ म्हणतात. ज्या इंग्रज कारखान्याचें तें नांव, त्याचा तो माल निघेनासा झाला तरी नांव चिकटून राहिलें. परंतु चटई पायास पकड देते, आधार देत नाहीं. तिचा कोपरा उचलून खालीं काय आहे तें पाहावें. खालीं सरळ लादी असली तर तेथें दांडीजवळचा सराव करावा, उड्या मारूं नयेत. आणि शिक्षक उड्याच शिकवूं लागले तर नम्रपणें, पण स्पष्टपणें विचारावें. शिक्षकांचा मान राखणें आणि मुलाचे पाय राखणें यांत विरोध येण्याचें कारण नाहीं.

त्या चटईची निगा सोपी आहे. बाहेरची पादत्राणें तीवर आणूं नयेत, कारण चपलेबरोबर आलेला एक खडा दहा मुलांच्या पायांखालीं फिरतो. रोज झाडावी, मग सौम्य साबणाच्या पाण्यांत फडकें घट्ट पिळून पुसावी व पूर्ण वाळूं द्यावी. तेल, मेण, पॉलिश यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये. चटई उचलावयाची झाली तर घडी घालूं नये, नळीवर गुंडाळावी; घडीची सुरकुती मग जात नाहीं, आणि तीच पायास अडते. राळेविषयीं मात्र चूक फार होते. चीडाच्या डिंकांतून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जी पिवळसर राळ उरते, जी व्हायोलिन वाजविणारे गजास लावतात, तीच नर्तक बुटाच्या टोकास व तळास लावतात. लाकडी फळ्यांवर तिनें पकड येते. व्हिनाइलवर तिचे थर सांचतात, आणि एक जागा चिकट व एक जागा निसरडी अशी जमीन होऊन बसते. त्यापेक्षां ओल्या फडक्यावर बुटाचा तळ एकदां टेकविला कीं काम होतें.

घरीं सराव करणाऱ्या मुलामुलींस एवढेंच सांगणें आहे: लादीवर उड्या नकोत, आणि गालिच्यावर गिरक्या नकोत. गालिच्यांत पाऊल अडकतें, वरचें शरीर फिरत राहतें, आणि मध्यें पिळवटून निघतो तो गुडघा.

आतां जोड्यांकडे वळूं. येथें मला प्रथम आपल्या एका जुन्या गृहिणीधर्मावर टीका करावी लागणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवावे, हें आपल्या घरोघरींचें शहाणपण आहे, आणि सदऱ्यापुरतें तें योग्यच आहे. परंतु तोच न्याय लावून आया बॅलेच्या चपला एक बोट मोठ्या घेतात व पुढें कापूस कोंबतात. ही काटकसर नव्हे. आरंभीं घालावयाच्या त्या मऊ, बिनटाचेच्या सपाता हातमोज्यासारख्या बसल्या पाहिजेत. बोटें आंत सरळ पसरतील, आणि पुढें रिकामी जागा राहणार नाहीं, एवढेंच त्यांचें माप. मोठ्या सपातेंत पाऊल आंतल्या आंत सरकतें, कापड पायाखालीं दुमडतें, आणि मूल पडतें. लहान झाल्या कीं त्या दुसऱ्या मुलास द्याव्या. अनेक वर्गांतून अशी देवघेव चालते, आणि तींत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

सपाता दोन जातींच्या: चामड्याच्या व जाड सुती कापडाच्या. चामड्याची ओल्या फडक्यानें पुसावी, बुडवून धुऊं नये. कापडाची साबणाच्या कोमट पाण्यांत धुऊन, हातानें आकार देऊन सावलींत वाळवावी. कांठांतून जी बारीक नाडी जाते, ती पायाच्या मापानें ओढून गांठ मारावी व टोकें आंत खोंचावीं. बाहेर लोंबणारी नाडी दुसऱ्याच्या पायाखालीं येते. आणि या सपाता घालून रस्त्यावर, जिन्यांत, किंवा न्हाणीघरांतहि जाऊं नये. जमिनीची घाण जमिनीवर आणणारे आपणच असतों.

टोकावर उभें राहण्याचे जे रेशमी बूट, त्यांचा मोह मुलींस फार. या बुटांचा इतिहासच मोठा बोधक आहे. १२ मार्च १८३२ रोजीं पॅरिसच्या ऑपेरांत ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यांत मारी ताल्योनी ही पायाच्या अंगठ्यांवर तोललेली प्रेक्षकांस दिसली, आणि ती जमिनीस स्पर्शच करीत नाहीं असा भास झाला. तिच्या पायांत जें होतें, तें आजच्यासारखे कठीण बूट नव्हते. तलम रेशमी सपाता, आणि त्यांच्या टोकास व कडांस सुईदोऱ्यानें घातलेलें दाट रफू. आधार काय तो एवढाच. बाकीचा आधार तिच्या घोट्यांत होता. रशियांतील तिच्या चाहत्यांनीं तिच्या सपाता शिजवून खाल्ल्या अशी एक आख्यायिका सांगतात. खरी असेल तर त्या मंडळींच्या पचनशक्तीचें कौतुक करावें तेवढें थोडें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन कारागिरांनीं बुटाचें टोक कठीण केलें, आणि पीएरीना लेन्यानी हिनें एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेऊन रशियास थक्क केलें. जोडा सुधारला म्हणून गिरक्या वाढल्या, हें खरें. पण रफूवर उभी राहणारी पिढी आधीं होऊन गेली होती, हेंहि विसरूं नये.

हा बूट उघडून पाहिला तर लोखंड किंवा लाकूड आंत सांपडेल अशी पुष्कळांची कल्पना असते. तसें कांहीं नसतें. जुन्या पद्धतीच्या बुटाच्या टोकांत गोणपाट, कापड आणि कागद यांचे थर खळीनें एकमेकांस चिकटविलेले असतात, आणि तळाशीं चामड्याची व पुठ्ठ्याची एक ताठ पट्टी. बूट उलटा शिवून मग सुलटा करतात व भट्टींत वाळवितात. लंडन येथें १९२९ सालीं स्थापन झालेल्या फ्रीड यांच्या कारखान्यांत प्रत्येक कारागीर आपण केलेल्या बुटाच्या तळावर आपली खूण उमटवितो: कोणाचा मुकुट, कोणाचा मासा, कोणाची घंटा. नर्तकी त्या कारागिराचें तोंडहि न पाहतां वर्षानुवर्षें त्याच खुणेचा बूट मागते. आपल्याकडे पागोटें बांधणाऱ्याची किंवा तबल्यास शाई भरणाऱ्याची अशीच ख्याति असे. आणखी एक मौज अशी कीं, हे बूट डावे-उजवे असे वेगळे नसतात; पायांत घालून नर्तकीच त्यांतला डावा कोणता तें ठरविते.

खळीनें चिकटविलेली वस्तु ओलाव्यानें सुटते, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे या बुटांची सारी निगा आपोआप कळते. नाच झाल्यावर ते घामानें ओले असतात. तसेच प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंबून घरीं आणले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पिशवींतच राहिले, तर टोक भिजल्या पापडासारखें होतें, व मुलीचीं बोटें आंत चुरडतात. यास्तव घरीं येतांच ते बाहेर काढावे, आंतील कापूस किंवा गादी वेगळी वाळवावी, फिती मोकळ्या कराव्या, आणि पंख्याखालीं हवेवर ठेवावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हांत ठेवूं नयेत. पिशवी हवी तर सुती कापडाची शिवावी. कोंकणांत व मुंबईस पावसाळ्यांत एका रात्रींत बूट वाळत नाहींत, म्हणून शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावे. दोन जोड अशा रीतीनें वापरले तर ते एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षां अधिक टिकतात. मोठ्या मंडळींतील नर्तकींचा एक जोड कित्येकदां एका रात्रींतच संपतो. तळाची पट्टी मऊ पडली व टोक ढिलें झालें कीं त्या बुटावर उभें राहूं नये, मग वरचें रेशीम कितीहि नवें दिसो.

फिती मात्र मुलीनें स्वतः शिवाव्या. जगांतील मोठमोठ्या नर्तकी, ज्यांच्या दिमतीस कपडेवाल्या बायका असतात, त्याहि आपल्या फिती आपणच शिवतात. कारण फीत कोठें बसली पाहिजे तें ज्याचें त्याच्या पायालाच कळतें. दोरा मजबूत घ्यावा, टांके दाट घालावे, आणि सुई कांठांतल्या नाडींतून जाऊं देऊं नये, नाहींतर नाडी कायमची अडकते. बांधतांना घोटा वांकवून बांधावें, म्हणजे गुडघे वांकवितांना टाचेची शीर आंवळत नाहीं. गांठ घोट्याच्या आंतल्या बाजूच्या खळगींत यावी व टोकें आंत दडवावीं. येथें आयांस हात जोडून विनंती आहे कीं, हें काम मुलीच्या हातून काढून घेऊं नये. पहिल्या वेळीं तीन तास लागतील, बोटास सुई टोंचेल, एक फीत उलटी शिवली जाईल. लागूं द्यावें, टोंचूं द्यावी.

हे बूट केव्हां घ्यावे याविषयीं मी जुन्या विचाराचा मानला जातों, पण नृत्यवैद्यक जाणणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचें मतहि हेंच आहे. बाराव्या वर्षापूर्वीं नको. आठवड्यांतून एकच दिवस वर्गास जाणारीस तर नकोच. पाठीचा कणा, पोट आणि घोटे यांत बळ आल्यावर, आणि आठवड्यांतून निदान दोनदां असें नियमित शिक्षण तीन वर्षें झाल्यावर, चौथ्या वर्षीं आरंभ करावा. शेजारच्या मुलीस मिळाले म्हणून आपल्या मुलीस हवे, हा हट्ट दागिन्याच्या बाबतींत परवडेल. येथें साऱ्या देहाचा भार अंगठ्याएवढ्या जागेवर येणार असतो. प्रसिद्ध रशियन नर्तकी अन्ना पाव्हलोव्हा हिचें नृत्य १९२८ सालीं मुंबईंत झालें, तें पाहून रुक्मिणीदेवी अरुंडेल भारावून गेल्या व पुढें तिच्याच मंडळींतील एका नर्तकीकडून त्यांनीं बॅलेचे पाठ घेतले, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. त्या पाव्हलोव्हेचा तळवा फार कमानदार होता. म्हणून ती आपल्या बुटांत चामड्याचा जादा तळ घालून टोक अधिक रुंद व टणक करून घेई, आणि छायाचित्रांत मात्र तें टोक निमुळतें दिसावें म्हणून चित्रावर दुरुस्ती करवी, असें सांगतात. पायाला आधार खरा हवा, दिसण्याचें मागाहून पाहतां येतें, हें त्या थोर स्त्रीस पक्कें ठाऊक होतें!

टाइट्सविषयीं फार लिहावें असें नाहीं, कारण त्यांविषयीं पालक आपणहूनच फार जाणतात. पूर्वीं त्या रेशमाच्या किंवा सुताच्या असत आणि गुडघ्यांवर त्यांच्या पिशव्या होत; युरोपांतील जुने नर्तक कंबरेच्या कांठांत एक नाणें गुंडाळून, पिळून, त्यावर नाडी आंवळीत, म्हणजे विजार ताठ राही. नायलॉनचा शोध १९३५ सालचा, आणि रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या स्पॅन्डेक्स धाग्याचा १९५८ सालचा; त्यानंतर नाण्याची गरज सरली. हा धागा उष्णतेनें व क्लोरीनच्या ब्लीचनें मरतो, म्हणून गरम पाणी, इस्त्री, ब्लीच यांपासून त्या दूर ठेवाव्या. उलट्या करून थंड पाण्यांत हातानें धुवाव्या, पिळूं नयेत, पंचांत गुंडाळून दाबाव्या व सावलींत वाळवाव्या. धोब्याकडे देऊं नयेत. दगडावरचा पहिलाच धपाटा त्यांस शेवटचा ठरेल. घालतांना अंगठ्या काढाव्या, नखें घासलेलीं असावीं, आणि विजार पावलापर्यंत गोळा करून मग हळूहळू वर चढवावी. तलम धागा सुटून फट धांवूं लागली तर नखांच्या रंगाचा एक थेंब तेथें लावावा.

रंगाविषयीं मात्र मला बोललें पाहिजे. गुलाबीच हवी हा हट्ट कां? पाय कंबरेपासून अंगठ्यापर्यंत एका अखंड रेघेसारखा दिसावा, म्हणून विजार व जोडा एका रंगाचे घेतात. आणि युरोपीय कांतीस जवळचा म्हणून तो रंग गुलाबी ठरला. आपल्या मुलीची कांति गव्हाळ किंवा सांवळी असेल, हात एका रंगाचे आणि पाय दुसऱ्याच देशाचे दिसत असतील, तर ती रेघ कोठें राहिली? न्यूयॉर्क येथें आर्थर मिचेल यांनीं १९६९ सालीं काढलेल्या हार्लेमच्या नृत्यसंस्थेनें पुढें आपल्या नर्तकींस त्यांच्या कांतीच्याच रंगाचे टाइट्स व बूट देण्याचा पायंडा पाडला. असे बूट बाजारांत मिळत नसत, तोंवर नर्तकी रात्रीं बसून चेहऱ्याचा रंग बुटांस फासीत. लंडनमध्यें फ्रीड यांनीं ‘बॅले ब्लॅक’ या मंडळीच्या सहकार्यानें तपकिरी रंगाचे टोकाचे बूट विक्रीस आणले तें २०१८ सालीं. शिक्षकांची हरकत नसेल तर आपल्या मुलींनीं आपल्या वर्णाचीच विजार खुशाल घालावी. ती अधिक चांगली दिसते, असें माझें स्पष्ट मत आहे.

पोशाखासंबंधीं आणखी एकच गोष्ट. एमा लिव्ही नांवाची एक तरुण नर्तकी पॅरिसच्या ऑपेरांत होती. ताल्योनीनें स्वतः तिच्यासाठीं नृत्यनाट्य बसविलें होतें, एवढी तिची योग्यता. त्या काळीं रंगमंचावर गॅसचे दिवे असत, आणि घागऱ्यांस आग लागूं नये म्हणून ते एका द्रावणांत बुडवून काढण्याचा नियम झाला होता. परंतु त्या द्रावणानें जाळीदार कापड ताठ व मळकट दिसे, म्हणून तिनें तें नाकारलें. १५ नोव्हेंबर १८६२ रोजीं तालमीच्या वेळीं तिचा घागरा दिव्यास लागून पेटला. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्यें ती वारली. वय विसाच्या घरांत. आपल्या संमेलनांत दीपप्रज्वलनाची समई पुष्कळदां कार्यक्रमभर रंगमंचाच्या कडेस तेवत राहते, आणि नायलॉनची जाळी व विजार घातलेल्या मुली तिच्या अंगावरून ये-जा करतात. नायलॉन जळतांना वितळून कातडीस चिकटतें. उद्घाटन झालें कीं ती समई उचलून आंत न्यावी. देवास त्यांत कांहीं उणें वाटणार नाहीं.

या वर्षींचा मंडप डिसेंबरांत उभा राहील. मंडपवाले चौकटीवर फळ्या ठोकतात, फटी राहतात, खिळ्यांचीं डोकीं वर असतात, आणि सर्व झांकण्यासाठीं वर तांबडा गालिचा ताणतात. नृत्याच्या प्रवेशापुरता तो गालिचा काढावयाचा, असें मीं ठरविलें आहे. आदल्या दिवशीं सायंकाळीं चार वाजतां मी हातोडी घेऊन तेथें जाणार आहें, आणि जीं मुलें नाचणार आहेत त्यांनींहि एकेक ओलें फडकें घेऊन यावें. त्याच जमिनीवर, त्याच जोड्यांत, एकदां सर्व नाच करून पाहूं. ज्या पालकांस येणें शक्य असेल त्यांनीं यावें, आणि फळ्यांखालीं वांकून एकदां स्वतः पाहावें.